चुन्यातली कस्तुरी आणि तुळईतला पाऊस

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले रिठद घ्या, किंवा वऱ्हाडातले दुसरे कोणतेही जुने गाव घ्या. गावच्या जमिनीचे दोन भाग पूर्वी बोलण्यात सहज येत. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. 'पांढरी' हा शब्द आता मागे पडत चालला आहे, पण जुन्या कागदांत तो गावठाणासाठी आणि गावकऱ्यांच्या समुदायासाठीही येतो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ही जोडी वतनदारीच्या प्रकरणात एकदा भेटते आणि निघून जाते. आम्हाला मात्र तिथेच रसायनशास्त्र सुरू होते असे वाटते.

गावाखालची माती पांढरी का? ती मुळात पांढरी नव्हती. शेकडो वर्षे एकाच जागी चुली पेटल्या, राख साठली, गुरे बांधली गेली, मातीची घरे पडली आणि त्यांच्यावरच नवी उभी राहिली. राख, शेण, हाडे, चुना आणि पडक्या भिंती यांचा हा थर म्हणजे पांढरी. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असते. १९३० च्या सुमारास स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस हे रसायनशास्त्रज्ञ बीटच्या पिकासाठी मातीतले फॉस्फेट मोजत हिंडत होते. जिथे फॉस्फेट अवाच्या सवा सापडले तिथे जुन्या वस्त्या होत्या, असे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या शेतकऱ्याने हे तपासणीवाचून ओळखले होते. त्याने पांढरीची माती गाड्यांनी वाहून खत म्हणून शेतात टाकली, आणि त्या नादात महाराष्ट्रातली कित्येक प्राचीन टेकाडे सपाट झाली.

काळी माती घर बांधायला वाईट. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. पांढरीत हा फुगवटा फार कमी. म्हणून भिंतीला पांढरी, माळवदावर पसरायलाही पांढरी. वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. दोन्ही माती भिजवून लिंबाएवढे गोळे करावेत, व्यास मोजावा, आठ दिवस सावलीत वाळवून पुन्हा मोजावा. काळ्या गोळ्याला पडलेल्या भेगा पाहिल्या की गावकऱ्याने घरासाठी कोणती माती निवडली आणि का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वऱ्हाडातल्या पाटील-देशमुखांच्या गढ्या याच मातीच्या. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढी येथे १९८४-८५ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा गावाच्या टेकाडाखाली ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर मिळाले. सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडे जुने घर एकटे उभे नसते. त्याच्या पोटात आणि पायाखाली आणखी जुनी घरे असतात.

वेशींची नावे

रिठद जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कारंजा आहे, आणि जुन्या बाजारपेठेतल्या घरांचा अभ्यास करायचा तर या भागात कारंज्याइतकी सोयीची जागा नाही. वाशीम शहर वयाने मोठे. वाकाटकांची एक शाखा तिथून, म्हणजे वत्सगुल्माहून, राज्य करीत होती, हे १९३९ मध्ये मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे पक्के झाले. पण राजधानी वेगळी आणि पेठ वेगळी. पेठेचा इतिहास ताम्रपटात येत नाही. तो ओट्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर आणि कोठारांत असतो.

कारंज्याला तट होता आणि तटाला वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. ही नावे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावीत. वेशीला नाव मिळते ते बाहेरच्या रस्त्यावरून. म्हणजे गावाने आपल्या चार दारांवर आपला व्यापाराचा नकाशाच लिहून ठेवला आहे, आणि त्यात पोह्यासारखे जवळचे गाव आणि दिल्ली एकाच पंगतीत बसले आहेत. गावाचे नावही असेच बोलके आहे. जुने नाव बिबीचे कारंजे; पुढे लाड व्यापाऱ्यांवरून लाडांचे कारंजे, म्हणजेच आजचे कारंजा लाड. 'लाड' हा शब्द लाट देशाकडे, म्हणजे दक्षिण गुजरातकडे बोट दाखवतो.

ही पेठ किती श्रीमंत होती? ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठा फौज वऱ्हाडात कारंज्यावर आली. समकालीन पत्रांच्या आधारे जदुनाथ सरकारांनी दिलेला तपशील असा: तलम कापड, चांदी आणि सोने मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज, चार हजार बैल आणि गाढवांवर लादलेला. गावातले सारे धनिक खंडणीसाठी पकडले गेले. सर्वांत मोठा सावकार मात्र बाईच्या वेषात निसटला. कोटीचा आकडा लढाईच्या बातम्यांत नेहमी वाढतो तसा वाढला असेल. पण आधी कापड आणि मग चांदी-सोने हा क्रम पाहा. मुघल वऱ्हाडातले हे एक मोठे कापडाचे गाव होते.

आता प्रश्न असा, की त्या १६७० च्या आधीचे एक तरी घर आज कारंज्यात उभे आहे का? घराच्या मालकाला विचारले तर 'तीनशे-चारशे वर्षांचे' असे उत्तर बहुधा मिळते. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून जो वाडा दाखवतात, त्याची परंपरा तर १३७८ पर्यंत मागे जाते. श्रद्धेचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. एखाद्या जागेची आठवण सहाशे वर्षांची असू शकते आणि त्या जागेवरचा खांब दोनशे वर्षांचा. यात विरोध काहीच नाही. पण खांबाचे वय खांबालाच विचारले पाहिजे.

कस्तुरीची हवेली

कारंज्यातली एक कथा विदर्भात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. एक व्यापारी कस्तुरीने लादलेले उंट घेऊन फिरत होता. इतका माल एकट्याने घेणारा कोणी भेटेना. कारंज्यात एका सावकाराची हवेली बांधणे चालले होते. त्याने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती गाऱ्यात टाकायला सांगितले. तीच ती कस्तुरीची हवेली.

विज्ञानाच्या माणसाने ही कथा ऐकून हसावे, अशी अपेक्षा असते. आम्ही हसत नाही. कस्तुरीचा वास ज्या रेणूमुळे येतो त्या मस्कोनचे वलय १५ कार्बन अणूंचे आहे. ते शुद्ध रूपात १९०६ मध्ये वेगळे केले गेले आणि १९२६ मध्ये रुझिका यांनी त्याची रचना उलगडली. हा रेणू जड आहे, सावकाश उडतो, आणि म्हणूनच अत्तरवाले इतर सुवास धरून ठेवायला त्याचा उपयोग करीत. इराण-तुर्कस्तानातल्या काही मशिदींविषयीही गाऱ्यात कस्तुरी कालवल्याच्या अशाच कथा सांगतात. तेव्हा भिंतीच्या आतल्या भागातून काढलेला मूठभर चुना वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपट या तंत्रांनी तपासला, तर कथेची परीक्षा निदान करता तरी येईल. 'लाखो मोती', 'शेकडो हंडे' अशा इतर कथांना ही सोय नसते.

पण कथेतली खरी मौज आमच्या मते वेगळी आहे. गाऱ्यात काहीतरी 'घालायचे' असते, हे कथा सांगणारा आणि ऐकणारा दोघेही गृहीत धरतात. चुन्याच्या घाणीत गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, मेथी, हिरडा घालण्याची रीत देशभर होती. स्वयंपाकघरातले पदार्थ भिंतीत का?

चुना म्हणजे काय ते आधी पाहू. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुटतो, विरतो. हा विरलेला चुना वाळूत मळून भिंतीत भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. हे काम बाहेरून आत, अतिशय सावकाश चालते. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोचायला वर्षे लागतात. गुळातली साखर कॅल्शियमशी संयोग पावून चुन्याची विद्राव्यता वाढवते आणि पाणी लवकर सुटू देत नाही. उडदाचा चिकटपणा गाऱ्याला लवचीक करतो. चीनमध्ये चिकट तांदळाची पेज चुन्यात घालीत. तिच्यातल्या अ‍ॅमिलोपेक्टिनमुळे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बारीक आणि दाट वाढतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. आपल्या काळ्या मातीतच मिळणारे चुनखडीचे खडे मातीमिश्रित असतात, त्यामुळे ते भाजल्यावर मिळणारा चुना ओलाव्यातही आवळतो. विहिरीच्या आणि हौदाच्या बांधकामाला तो बरा.

तेव्हा उडीद आणि गूळ रोज गाऱ्यात जाताना पाहणाऱ्या गावाने आपल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या गाऱ्यात कस्तुरी टाकली, यात नवल नाही. कथेने तेच तंत्र घेतले आणि फक्त किंमत वाढवली.

चुन्याने हवेतला कार्बन घेतलेला असतो, म्हणजे त्यात त्या वर्षीचा किरणोत्सर्गी कार्बन-१४ ही असतो. मग भिंतीचे वय चुन्यावरून काढता येईल का? ही कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये वापरून पाहिली गेली आणि ती आजही वापरतात. मात्र दोन अडचणी आहेत. नीट न भाजलेल्या चुनखडीचे कण राहिले तर त्यांतला अतिप्राचीन कार्बन मिसळतो आणि भिंत हजारो वर्षांनी म्हातारी ठरते. दुसरी अडचण आपल्या वाड्यांच्या दृष्टीने अधिक बोचरी आहे. सुमारे १६५० ते १९५० या काळात हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण असे खालीवर झाले, की एकाच मापनाला तीन-चार वेगवेगळी उत्तरे निघतात. नेमका हाच काळ आपल्याला हवा आहे! म्हणून लाकडाकडे वळावे लागते.

तुळई बोलते कशी

१९२९ च्या जूनमध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या शो लो या गावी एका जुन्या वस्तीच्या अवशेषांतून जळका तुळईचा तुकडा निघाला. त्याला एचएच-३९ असा क्रमांक दिला गेला. ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सौरडागांचा हवामानाशी संबंध शोधताना ते झाडांच्या वर्तुळांकडे आले. ओल्या वर्षी रुंद वर्तुळ, कोरड्या वर्षी अरुंद, हा क्रम सबंध प्रदेशातल्या झाडांत सारखा असतो. जिवंत झाडांपासून मागे मागे जात त्यांनी एक साखळी जुळवली होती. प्युब्लो बोनितोसारख्या प्राचीन वसाहतींतल्या तुळयांची दुसरी साखळीही तयार होती, पण दोहोंच्या मध्ये खिंड होती. एचएच-३९ ने ती सांधली आणि तोवर तारखेवाचून असलेल्या डझनावारी वसाहतींची बांधकामाची वर्षे एकदम कळली.

आपल्याकडे हे शक्य आहे का? उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडे नीट वार्षिक वर्तुळे दाखवत नाहीत. साग मात्र दाखवतो. उन्हाळ्यात त्याची पाने झडतात, वाढ थांबते, आणि पावसाळ्याच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ उमटते. जावामधल्या सागावर बर्लागे यांनी १९३१ मध्येच काम प्रसिद्ध केले होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतही सागाच्या वर्तुळांवरून मोसमी पावसाचा मागोवा घेण्याचे काम झाले आहे. मध्य भारतातल्या सागाच्या वर्तुळाची रुंदी पावसाशी निगडित असते, हे त्यातून दिसले.

भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्यामागच्या काळात वऱ्हाडात कोणत्या वर्षी किती पाऊस पडला याची सलग मोजणी नाही. १६३०-३२ चा दख्खनचा दुष्काळ आपल्याला वर्णनांतून माहीत आहे, १८०३ चाही. पण तो कोणत्या तालुक्यात किती खोल गेला, मधली कोणती वर्षे बरी होती, हे वर्णने सांगत नाहीत. वाड्याची तुळई सांगू शकते. तीनशे वर्षांच्या वाड्यातली दीडशे वर्तुळांची तुळई म्हणजे साडेचारशे वर्षे मागे जाणारे पर्जन्यमापक यंत्र आहे.

इथे थोडे थांबून अडचणी सांगतो, कारण शिक्षकांना मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतील. सुतार खांब तासताना सालीलगतचे फिके लाकूड काढून टाकतो, कारण त्याला कीड लागते. ते गेले की झाड तोडल्याचे नक्की वर्ष हाती येत नाही. 'अमुक वर्षानंतर' एवढेच म्हणता येते. म्हणून वाड्याच्या न तासलेल्या, ओबडधोबड लाकडाला, माळवदाच्या कडीला किंवा गुरांच्या गोठ्यातल्या मेढीला कोरीव खांबापेक्षा अधिक मोल आहे. दुसरे असे, की लाकूड पुन्हा वापरतात. एखाद्या तुळईवर सांध्यासाठी कोरलेल्या रिकाम्या खाचा दिसल्या, ज्यांचा आजच्या घरात काही उपयोग नाही, तर ती दुसऱ्या घरातून आलेली आहे असे समजावे. तिसरे, साग मेळघाटातून आला की आणखी कुठल्या जंगलातून, यावर ती कोणत्या पावसाची साक्ष देते हे ठरेल.

आणि आता खरी काळजीची गोष्ट. जुना साग घनफुटावर विकला जातो. वाडा पाडायचा ठेका घेणारा बहुतेक वेळा लाकडाच्या मोबदल्यातच काम करतो. तुळया करवतीवर जातात, त्यांच्या चौकटी आणि दिवाण होतात. लाकूड वाया जात नाही हे चांगलेच. पण वर्तुळांचा क्रम तुकड्यांत विखुरला की तो पुन्हा जुळत नाही.

रूळ, कौल, सिमेंट

सगळीच घरे इतकी जुनी नसतात आणि सगळ्यांना प्रयोगशाळा लागत नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून सुरू झाली. हीच ती 'शकुंतला'. गेली काही वर्षे ती बंद आहे. कापूस बाहेर गेला, आणि रेल्वेबरोबर लांबचे बांधकाम-साहित्य आत येणे सोपे झाले. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा. छताखालच्या लोखंडी गर्डरवर 'डॉर्मन लाँग' अशी उठावाची इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोची, १८७५ मध्ये स्थापन झालेली कंपनी. 'टाटा' असे असेल तर १९१२ नंतरचे. आपल्याकडे पोरबंदरला सिमेंटचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे पेठेतल्या घराला मूळ बांधकामातच सिमेंट दिसले तर ते बहुधा त्यानंतरचे. यातल्या प्रत्येक वस्तूने फक्त 'याच्या आधी नाही' एवढेच कळते. इतिहासकार नाण्यावरून थराचे वय ठरवतात ते याच रीतीने. मुलांना दुर्बीण नको, शिडी पुरे. (शिडी मात्र मोठ्या माणसाने धरावी.)

घर बदलले तसे घरातले हवामान बदलले. मातीच्या भिंतीत दिवसाची उष्णता आत शिरताना दर १० सेंटीमीटरला साधारण पावणेचार तास मागे पडते आणि तिची तीव्रता सुमारे सदतीस टक्क्यांवर येते. दीड फुटी भिंतीतून दुपारचे ऊन पलीकडे पोचायला सोळा-सतरा तास लागतात, आणि पोचते ते एक-दोन टक्के. चार इंची सिमेंटच्या स्लॅबमधून ते अडीच-तीन तासांत पोचते आणि जवळपास निम्मे पोचते. आकडे ढोबळ आहेत, पण दोन थर्मामीटर घेऊन मे महिन्यात ते पडताळून पाहता येतात.

यादीत कोण, बाहेर कोण

१८९७ मध्ये हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हा वाशीम, म्हणजे त्या काळचे बासीम, हा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. त्यामुळे कारंज्याची जुनी माहिती शोधणाऱ्याने १९१० चे अकोला गॅझेटिअर उघडावे. कझिन्स यांच्या यादीचा डोळा देवळे, मशिदी, लेणी, किल्ले यांवर होता. हा त्यांचा दोष नव्हे, तो काळाचा चष्मा होता. खुद्द ब्रिटनमध्ये १८८२ चा पहिला कायदा स्टोनहेंजसारख्या प्रागैतिहासिक स्मारकांपुरता होता, आणि १९१३ च्या कायद्याने राहत्या घरांना स्मारकांतून वगळले. तिथे घरांच्या याद्या झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धात. बाँब पडलेल्या शहरांत कोणती मोडकी इमारत पाडायची आणि कोणती सावरायची हे कामगारांना सांगायला हवे होते, म्हणून वास्तुतज्ज्ञांनी घाईने याद्या केल्या. १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी ती कल्पना कायम केली. आज इंग्लंडच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि १७०० पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेली जवळजवळ प्रत्येक इमारत तीत आहे.

आपल्याकडे १९०४ चा कायदा, मग १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा. हे कायदे स्मारकांसाठी आहेत. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण आले. राहत्या घरांची खरी यादी प्रथम मुंबईत झाली. १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींना श्रेणी दिल्या. पहिली श्रेणी हात न लावण्याची, तिसरी पुष्कळ मोकळीक देणारी. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीतही वारसा-इमारतींची तरतूद आहे. कागद आहे. पण छोट्या नगरपरिषदेत यादी करणार कोण?

मालकाची बाजूही पाहिली पाहिजे. वाड्याचे वारस दहा-पंधरा, त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईला. माळवद दरवर्षी चोपून घ्यावे लागते, त्याला माणूस मिळत नाही. यादीत नाव आले तर पैसे मिळणार नाहीत आणि दुरुस्तीला परवानगी लागेल, ही भीती खोटी नाही. मुंबईत विकासहक्क दुसरीकडे विकून भरपाई मिळू शकते. कारंज्या-रिसोडात त्या हक्काला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे यादीची नुसती कुणकुण लागली तरी वाडा आधीच पाडला जाण्याचा संभव असतो. प्रत्येक वाडा वाचवावा असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना त्यात राहायचे नाही, त्यांनी पांढरीच्या धुळीत का राहावे? पण वाडा पाडणे आणि वाड्याची माहिती पाडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारंज्याला याचे उदाहरणही आहे. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखिते होती. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत त्यांची नोंद झाली. मग अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन (हे दुसरे हिरालाल; गल्लत नको) आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी त्यांतले अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. पुष्पदंताचे दहाव्या शतकातले 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये कारंज्याहूनच छापले गेले. मराठीच्या पूर्वरूपांचा अभ्यास त्याने पुढे सरकला. काम सुरू झाले ते सूचीपासून, म्हणजे कोणीतरी कपाट उघडून काय आहे ते लिहून काढले तिथपासून. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहायला लोक येतात; त्या लाकडाची वर्तुळे मोजायला अजून कोणी जावे.

घरांची सूची शाळा करू शकते. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेत गावठाणांचे ड्रोनने नकाशे होत आहेत. त्यात हद्द असते, घराचे वय आणि घडण नसते. त्या नकाशावरच एकेका घराला क्रमांक देऊन मुलांनी लिहावे: किती खण, किती चौक, भिंत कशाची आणि किती जाड, छत माळवदाचे की कौलाचे, बळद किंवा पेव आहे का, गर्डरवर कोणती अक्षरे, दारावर शक आहे का. नगर भूमापनाच्या नोंदीत मालकांची नावे मिळतील, पण ती आपल्या वहीत उतरवायची गरज नाही. घरातल्या वृद्धांना कोणती भिंत कोणी घातली हे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपावे. परवानगीवाचून आत पाऊल टाकू नये. देवघर आणि तळघर यांची चौकशी तर मालकाने स्वतः दाखवल्याशिवाय करूच नये. गुप्तधनाच्या वावड्या उठायला वेळ लागत नाही.

वाडा पडणारच असेल, तर ठेकेदाराकडे फक्त दोन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक जाड तुळईच्या टोकाची दोन इंची आडवी चकती, शक्य तर जिथे सालीचा अंश राहिला आहे अशा ठिकाणची. तो बहुतेक हो म्हणेल, कारण टोके कुजकी असतात आणि त्याला ती नकोच असतात. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीच्या गाभ्यातला मूठभर चुना, झाकणाच्या काचेच्या बाटलीत. चकतीवर पेन्सिलने घर क्रमांक, खोली, तुळई कोणत्या भिंतीवर होती ती दिशा आणि तारीख लिहावी, शाई ओघळते. चकती सावलीत वाळवावी, एकदम उन्हात ठेवली तर तडकते. पॉलिश काही करू नये. वाडे पाडायचे काम बहुधा एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आत उरकतात, आणि शाळांना नेमकी तेव्हाच सुट्टी असते. म्हणून गावातल्या दोन-तीन मुलांची नावे मार्चमध्येच ठरवून ठेवावीत.